ऑफिसचे वायफाय: पासवर्ड भक्कम आहे, पण तो कोणाकोणाला ठाऊक आहे?

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा एक ईमेल पोहोचला होता. तो ज्या इंटरनेट जोडणीवरून निघाला तिचा माग नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका घरापर्यंत लागला. पुढच्या दोन महिन्यांत असेच आणखी ईमेल आले. त्यांपैकी एकाचा माग माटुंग्यातील एका महाविद्यालयापर्यंत गेला, तर १३ सप्टेंबरच्या दिल्ली स्फोटांच्या वेळच्या ईमेलचा माग चेंबूरमधील एका कंपनीपर्यंत. तिन्ही ठिकाणचे वायफाय बाहेरच्यांनी परस्पर वापरले होते. जोडणी ज्यांच्या नावावर होती त्यांचा त्या मजकुराशी संबंध नव्हता, पण पोलिसांच्या प्रश्नांना उत्तरे मात्र त्यांनाच द्यावी लागली. त्यानंतरच्या वर्षाच्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी शहरात फिरून असुरक्षित वायफाय शोधण्याची मोहीमही हाती घेतली होती.

आज हा विषय पुन्हा चर्चेत आहे तो वेगळ्या कारणाने. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले, आणि ग्राहकांची माहिती सांभाळण्यासाठी वाजवी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्या कायद्यात आहे. त्यामुळे दादरमधला दवाखाना असो वा गिरगावातील सीएचे कार्यालय, आपल्या राउटरमध्ये नेमके काय लावलेले आहे, असा प्रश्न मालकांना पडू लागला आहे. राउटरचे सेटिंग उघडले की समोर येणारी अक्षरांची आणि आकड्यांची रांग पाहून बहुतेकजण ते पान बंद करतात. त्या रांगेचा अर्थ लावण्याचा हा प्रयत्न आहे.

हवेतून जाणारी माहिती

वायफाय म्हणजे रेडिओ लहरी. ऑफिसमधला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे छतावर किंवा भिंतीवर लावलेले प्रक्षेपण करणारे यंत्र, आणि तुमचा लॅपटॉप हे एकमेकांशी बोलतात तेव्हा ते बोलणे आवाक्यातल्या प्रत्येक यंत्राला ऐकू येते. मुंबईत हा मुद्दा अधिकच लागू होतो, कारण इथे भिंतीपलीकडे दुसरे ऑफिस असते, खाली उपाहारगृह असते आणि समोरची इमारत हात लांब केल्यास लागेल इतकी जवळ असते. लहरी तुमच्या भाडेकराराची हद्द पाळत नाहीत.

म्हणून दोन गोष्टी कराव्या लागतात. पहिली, आत येणाऱ्याची ओळख पटवणे. दुसरी, हवेतून जाणाऱ्या मजकुराचे किल्ली नसलेल्याला न उलगडणाऱ्या रूपात रूपांतर करणे, ज्याला एन्क्रिप्शन म्हणतात. पासवर्ड टाकला की दोन्ही कामे झाली असे आपण समजतो, पण ही दोन कामे किती नीट होतात हे सेटिंगच्या पानावरच्या बहुतेक पर्यायांवरच अवलंबून आहे.

डब्ल्यूईपीपासून डब्ल्यूपीए-३ पर्यंत

‘सिक्युरिटी’ या शीर्षकाखाली जी यादी दिसते ती एका अर्थाने वायफायचा इतिहासच आहे. १९९७ साली आलेली डब्ल्यूईपी ही पहिली पद्धत २००१ पर्यंत गणिती दृष्टीने मोडीत निघाली होती. पुरेसा मजकूर हवेतून टिपला की तिची किल्ली काढता येत असे, पासवर्ड कितीही अवघड असला तरी. तरीही ती वर्षानुवर्षे दुकानांमध्ये चालू राहिली. अमेरिकेतील टीजेएक्स या कपडे व गृहोपयोगी वस्तूंच्या दुकानांच्या साखळीतून किमान ४ कोटी ५७ लाख कार्डांचे तपशील चोरीला गेल्याचे २००७ साली उघड झाले, तेव्हा चोरांनी पहिला शिरकाव केला होता तो एका दुकानाच्या डब्ल्यूईपीवर चाललेल्या वायफायमधून, आणि तोही दुकानाच्या बाहेर थांबून. तिथून ते मुख्यालयाच्या संगणकांपर्यंत पोहोचले. हा तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण एका दुकानातल्या कमकुवत वायफायवरून कंपनीच्या मुख्य साठ्यापर्यंत जाणारी वाट मोकळी होती, आणि खरा अनर्थ त्या मोकळ्या वाटेमुळे झाला.

२००३ मध्ये तात्पुरती डागडुजी म्हणून डब्ल्यूपीए आले, २००४ मध्ये पक्के काम म्हणून डब्ल्यूपीए-२, आणि २०१८ मध्ये डब्ल्यूपीए-३. जुलै २०२० पासून वायफायचे अधिकृत प्रमाणपत्र घेणाऱ्या प्रत्येक नव्या उपकरणाला डब्ल्यूपीए-३ येणे सक्तीचे आहे. सेटिंगच्या पानावर डब्ल्यूईपी, नुसते डब्ल्यूपीए किंवा ‘टीकेआयपी’ असे शब्द असलेला पर्याय निवडलेला दिसला तर तो बदलावा. ‘एईएस’ असलेले डब्ल्यूपीए-२ ही आजची किमान पातळी आहे आणि डब्ल्यूपीए-३ मिळत असेल तर ते घ्यावे. या यादीबद्दल याहून अधिक विचार करण्याची सर्वसाधारण व्यावसायिकाला गरज नाही.

पासवर्ड फुटतो कसा

इथे मात्र थोडे थांबायला हवे, कारण याबाबत फार मोठा गैरसमज आहे. चोर राउटरसमोर बसून एकामागून एक पासवर्ड टाकून पाहतो आणि राउटर त्याला थोपवतो, असे चित्र आपल्या मनात असते. डब्ल्यूपीए-२ च्या बाबतीत असे घडत नाही. एखादा कर्मचारी सकाळी ऑफिसात आला आणि त्याचा फोन वायफायला जोडला गेला की फोन आणि ॲक्सेस पॉइंट यांच्यात चार संदेशांची देवाणघेवाण होते. त्या संदेशांतून पासवर्ड जात नाही, पण तो बरोबर होता की नाही हे पडताळण्यापुरता पुरावा जातो. बाहेरचा माणूस ते संदेश टिपून घरी नेतो आणि तिथे निवांतपणे, राउटरला पत्ताही न लागू देता, आपल्या संगणकावर एकेक अंदाज तपासत बसतो. सकाळपर्यंत थांबायचे नसेल तर तो जोडलेल्या फोनला खोटा निरोप पाठवून बाहेर काढतो, म्हणजे फोन लगेच पुन्हा जोडू पाहतो आणि संदेश आयतेच मिळतात.

आता आपल्याकडचे पासवर्ड पाहा. असंख्य दुकानांत आणि छोट्या ऑफिसांत मालकाचा मोबाइल नंबर हाच वायफायचा पासवर्ड असतो, आणि दहा आकडी असल्यामुळे तो पुरेसा लांब वाटतो. भारतातील मोबाइल नंबर ६ ते ९ या आकड्यांनी सुरू होतात, म्हणजे एकूण शक्यता चारशे कोटी. खेळांसाठी विकले जाणारे एक चांगले ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा लाखांहून अधिक अंदाज तपासते. चारशे कोटी अंदाज सव्वा तासाच्या आत संपतात. कंपनीच्या नावापुढे चिन्ह आणि १२३ लावलेला पासवर्ड तर त्याहून लवकर पडतो, कारण असे नमुने अंदाजांच्या तयार याद्यांमध्ये अगोदरच असतात. याउलट, कसलाही अर्थ नसलेली सोळा इंग्रजी लहान अक्षरे यदृच्छेने निवडली, तर त्याच वेगाने सर्व शक्यता संपायला एक अब्जाहून अधिक वर्षे लागतील, आणि अशी हजार कार्डे एकत्र जोडली तरी लाखो वर्षे. डब्ल्यूपीए-२ मध्ये ८ ते ६३ अक्षरांचा पासवर्ड ठेवता येतो. ही सवलत वापरावी. मोठी अक्षरे, आकडे आणि चिन्हे यांच्या आग्रहापेक्षा लांबी आणि अर्थहीनता अधिक कामाची आहे, आणि फोनवर टाकतानाही कमी वैताग होतो.

डब्ल्यूपीए-३ चा खरा फायदा इथेच आहे. त्यात ओळख पटवण्याची रीतच बदलली असून संदेश टिपून घरी नेण्याचा उपयोग होत नाही. प्रत्येक अंदाजासाठी प्रत्यक्ष ॲक्सेस पॉइंटशी बोलावे लागते. शिवाय फोनला खोट्या निरोपाने बाहेर काढण्याची युक्ती चालू नये यासाठीचे संरक्षण त्यात सक्तीचे आहे. हे संरक्षण डब्ल्यूपीए-२ मध्येही बऱ्याच यंत्रांवर ‘प्रोटेक्टेड मॅनेजमेंट फ्रेम्स’ या नावाने मिळते, मात्र ते वेगळे चालू करावे लागते.

एक किल्ली, पन्नास माणसे

समजा, पासवर्ड सोळा अक्षरी आहे. तो पंधरा कर्मचाऱ्यांना, गेल्या तीन वर्षांत सोडून गेलेल्या बाराजणांना, वार्षिक तपासणीला आलेल्या ऑडिटरला, सीसीटीव्ही लावणाऱ्याला आणि कुरियर घेऊन येणाऱ्या मुलालाही ठाऊक आहे. गणिताने न फुटणारा पासवर्ड इथे माणसांच्या वाटेने कधीच बाहेर पडलेला आहे.

अंधेरीतील एखाद्या इंडस्ट्रियल इस्टेटची व्यवस्था डोळ्यांसमोर आणली तर हे चटकन ध्यानात येईल. फाटकाला एकच कुलूप असून त्याच्या किल्ल्या सगळ्यांना वाटल्या असतील, तर एक माणूस नोकरी सोडून गेला की एकतर कुलूप बदलून सर्वांना नव्या किल्ल्या द्याव्या लागतात किंवा त्याच्या हातातली किल्ली विसरून जावे लागते. बहुतेक ठिकाणी दुसरेच घडते. त्याऐवजी फाटकावर वॉचमन आणि नोंदवही असेल तर प्रत्येकाचे ओळखपत्र वेगळे असते, सोडून गेलेल्याचे नाव खोडता येते, आणि कोण केव्हा आत आले हे नंतर सांगता येते. आणि फाटकातून आत आलेला माणूस थेट कोणाच्याही गाळ्यात शिरू शकत नाही, कारण प्रत्येक गाळ्याला स्वतःचे शटर असते.

सेटिंगमध्ये ‘पर्सनल’ असे लिहिलेले असते ती सामायिक किल्लीची पद्धत, आणि ‘एंटरप्राइज’ ही वॉचमनची. एंटरप्राइजमध्ये ॲक्सेस पॉइंट स्वतः निर्णय न घेता रेडियस नावाच्या सर्व्हरला विचारतो, आणि तो सर्व्हर प्रत्येक कर्मचाऱ्याचे नाव व पासवर्ड, किंवा त्याच्या लॅपटॉपमध्ये ठेवलेले डिजिटल प्रमाणपत्र, तपासून होकार देतो. आणखी एक फरक कमी लोकांना माहीत असतो. डब्ल्यूपीए-२ पर्सनलमध्ये ज्याला सामायिक पासवर्ड ठाऊक आहे आणि ज्याने दुसऱ्याच्या जोडणीचे सुरुवातीचे संदेश टिपले आहेत, त्याला त्या दुसऱ्याचा वायफायवरचा मजकूर उलगडता येतो. एंटरप्राइजमध्ये प्रत्येकाची किल्ली मुळातून स्वतंत्र असते.

एंटरप्राइज लावणाऱ्यांकडून एक चूक हमखास होते. फोन किंवा लॅपटॉप जोडताना सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासायचे का, असा प्रश्न येतो आणि झटपट काम व्हावे म्हणून ‘तपासू नका’ असा पर्याय निवडला जातो. मग तुमच्याच वायफायचे नाव लावलेला खोटा ॲक्सेस पॉइंट कोणी शेजारी उभा केला, तर फोन विश्वासाने त्याच्याशी बोलू लागतो आणि कर्मचाऱ्याचा पासवर्ड चोराच्या हाती लागू शकतो. अँड्रॉइड ११ नंतरच्या अनेक फोनमधून हा पर्याय काढून टाकण्यात आला, त्यामुळे काही ऑफिसांत अचानक फोन जोडले जाईनात आणि दोष नव्या फोनवर गेला. प्रत्यक्षात फोनने एक जुनी ढिलाई उघडी पाडली होती.

आठ-दहा माणसांच्या ऑफिसला हे सारे जड वाटेल, आणि ते रास्त आहे. त्यांच्यासाठी मधला मार्ग आहे. व्यावसायिक दर्जाच्या अनेक ॲक्सेस पॉइंटमध्ये एकाच वायफायच्या नावाखाली प्रत्येक माणसाला किंवा यंत्राला वेगळा पासवर्ड देता येतो, आणि माणूस गेला की फक्त त्याचा पासवर्ड रद्द करता येतो. माझ्या मते मुंबईतील बहुतेक छोट्या व्यवसायांना हाच पर्याय सर्वांत परवडणारा आणि सांभाळता येण्याजोगा आहे.

गाळ्यांची शटर

आत आल्यावर कोण कुठपर्यंत जाऊ शकते, या प्रश्नाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, आणि टीजेएक्सचे नुकसान नेमके तिथेच झाले. छोट्या ऑफिसात साधारणपणे हिशेबाचा संगणक, फायलींचा सामायिक साठा, प्रिंटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारे यंत्र, कार्ड स्वाइप करण्याचे यंत्र आणि पाहुण्यांचे फोन हे सगळे एकाच जाळ्यात, म्हणजे नेटवर्कमध्ये, असतात. सीसीटीव्ही कॅमेरे आणि डीव्हीआर हा त्यातला सर्वांत कमकुवत दुवा. २०१६ मध्ये मिराई या घातक प्रोग्रॅमने जगभरातील लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले, आणि त्यासाठी त्याने कोणतीही असामान्य युक्ती वापरली नव्हती; कारखान्यातून आलेले मूळ नाव आणि पासवर्ड यांची एक छोटी यादी त्याच्याजवळ होती. असा ताब्यात गेलेला डीव्हीआर तुमच्या हिशेबाच्या संगणकाच्या शेजारी बसलेला असेल, तर तिथून पुढची वाट सोपी होते.

यावरचा उपाय म्हणजे व्हीलॅन, अर्थात एकाच यंत्रसामग्रीवर एकमेकांपासून वेगळी ठेवलेली अनेक जाळी. कर्मचाऱ्यांचे एक, पाहुण्यांचे दुसरे, कॅमेरे आणि तत्सम उपकरणांचे तिसरे, आणि कार्डाचे व्यवहार होत असतील तर त्यांचे स्वतंत्र. पाहुण्यांच्या जाळ्याला फक्त इंटरनेट मिळावे, आतले काहीही दिसू नये, आणि पाहुण्यांची उपकरणेही एकमेकांना दिसू नयेत, यासाठी ‘क्लायंट आयसोलेशन’ नावाचा पर्याय चालू करावा. स्वस्त घरगुती राउटरवरही ‘गेस्ट नेटवर्क’ मिळते. मात्र त्याखाली ‘स्थानिक जाळ्यात प्रवेश द्या’ अशा अर्थाची खूण केलेली असेल तर सगळी मेहनत वाया जाते, म्हणून ती खूण आवर्जून पाहावी.

विभागणी केल्यावर पहिल्याच दिवशी तक्रार येते ती प्रिंटरची. कर्मचाऱ्यांचे लॅपटॉप एका जाळ्यात आणि प्रिंटर दुसऱ्यात गेल्यामुळे छपाई थांबते, आणि वैतागून सगळे पुन्हा एकत्र केले जाते. त्याऐवजी राउटरच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे कोणाला कुठे जाऊ द्यायचे हे ठरवणाऱ्या भागात, कर्मचाऱ्यांच्या जाळ्यातून प्रिंटरकडे जाण्याची तेवढी परवानगी द्यावी आणि प्रिंटरकडून उलट दिशेने नवी जोडणी सुरू करण्याची देऊ नये. हे काम तासाभराचे आहे, पण ते करणारा माणूस आधी ठरवलेला असला पाहिजे.

सुरक्षेचा आभास देणाऱ्या गोष्टी

वायफायचे नाव लपवले की चोराला ते दिसणार नाही, हा समज चुकीचा आहे. उपकरण जोडले जाताना ते नाव हवेतून उघडपणे जातेच, उलट लपवलेल्या नावाच्या शोधात तुमचे फोन जातील तिथे ते नाव पुकारत राहतात. ठरावीक उपकरणांचे मॅक पत्ते, म्हणजे प्रत्येक उपकरणाचे जाळ्यातले ओळख क्रमांक, नोंदवून फक्त त्यांनाच प्रवेश देणे हेही तसेच. हे पत्ते हवेतून न लपवता जातात आणि कोणालाही स्वतःच्या लॅपटॉपवर उसने घेता येतात, शिवाय आताचे फोन खासगीपणासाठी खोटा पत्ता वापरत असल्यामुळे त्रास तुमच्याच माणसांना होतो.

‘डब्ल्यूपीएस’ मात्र आभासाच्या पलीकडचा, थेट धोक्याचा पर्याय आहे. आठ आकड्यांच्या पिनने उपकरण जोडण्याची ही सोय २०११ मध्ये उघडी पडली. शेवटचा आकडा केवळ पडताळणीचा असल्याने आणि उरलेला पिन दोन तुकड्यांत तपासला जात असल्याने, कोट्यवधी वाटणाऱ्या शक्यता प्रत्यक्षात जेमतेम ११ हजार निघाल्या. तो पर्याय बंदच ठेवावा.

‘पण आमच्याकडे चोरण्यासारखे आहे तरी काय?’

हा आक्षेप सर्वांत आधी येतो. पॅन आणि आधारच्या प्रती, रुग्णांचे अहवाल, पगारपत्रके, ग्राहकांचे नंबर हे ज्यांच्याकडे नाही असे ऑफिस सापडणे कठीण आहे. आणि २००८ च्या प्रकरणांत ईमेल पाठवणाऱ्यांना त्या ठिकाणचे काहीच नको होते. त्यांना फक्त दुसऱ्याच्या नावावरची जोडणी हवी होती. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अनधिकृत प्रवेशासारखी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवणे आणि यंत्रांच्या नोंदी १८० दिवस जपणे हे कंपन्यांवर बंधनकारक आहे. सर्वांचा एकच पासवर्ड असलेल्या जाळ्यात अशा नोंदी असूनही उपयोग होत नाही, कारण त्यांत माणूस ओळखू येत नाही.

‘सगळ्या वेबसाइट आता सुरक्षितच असतात ना?’

बँकेचा किंवा ईमेलचा मजकूर वेबसाइट स्वतःच कूटबद्ध करते, त्यामुळे तो वायफायवर टिपला तरी वाचता येत नाही, हे खरे आहे. परंतु सामायिक फोल्डर, प्रिंटरकडे जाणारी कागदपत्रे, डीव्हीआरचे पान आणि राउटरचे स्वतःचे सेटिंग यांना ते संरक्षण बहुधा नसते, आणि ऑफिसच्या जाळ्यात शिरणाऱ्याला रस याच गोष्टींत असतो.

‘जुनी यंत्रे डब्ल्यूपीए-३ वर चालत नाहीत’

बारकोड स्कॅनर, जुने प्रिंटर आणि हजेरीची यंत्रे यांच्याबाबत हे नेहमीचेच आहे. त्यासाठी राउटरमध्ये दोन्ही पद्धती एकत्र चालवण्याचा मिश्र पर्याय असतो, पण त्यात उपकरणाला डब्ल्यूपीए-२ कडे ओढण्याची फट शिल्लक राहते. त्यापेक्षा जुन्या यंत्रांना त्यांच्या वेगळ्या जाळ्यात लांब पासवर्डसह डब्ल्यूपीए-२ वर ठेवून कर्मचाऱ्यांचे जाळे निव्वळ डब्ल्यूपीए-३ वर नेणे चांगले.

‘नेटवाल्याने सगळे लावून दिले आहे’

नेटवाल्याचे काम जोडणी चालू करून देणे हे असते, आणि ते तो करतो. त्याने राउटरच्या व्यवस्थापनाचा पासवर्ड कारखान्यातलाच ठेवला आहे का, बाहेरून सेटिंग उघडण्याची सोय चालू ठेवली आहे का, आणि फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतली प्रणाली, शेवटची केव्हा अद्ययावत झाली, हे तीन प्रश्न त्याला विचारावेत. ऑक्टोबर २०१७ मध्ये बेल्जियमच्या ल्यूव्हन विद्यापीठातील मॅथी व्हॅनहुफ यांनी डब्ल्यूपीए-२ च्या जोडणी प्रक्रियेतच दोष दाखवून दिला, तेव्हा पासवर्ड बदलून काहीही साधणार नव्हते. उपाय होता तो फक्त फोन, लॅपटॉप आणि राउटर अद्ययावत करण्याचा. कंपनीने ज्याची अद्ययावत प्रणाली देणे थांबवले आहे तो राउटर, चालत असला तरी, ऑफिसातून काढावा.

शेवटचा मुद्दा ऑफिसमधल्याच माणसांचा. कोपऱ्यातल्या केबिनमध्ये रेंज येत नाही म्हणून कोणीतरी घरचा जुना राउटर आणून भिंतीतल्या सॉकेटला जोडतो, आणि वर लिहिलेले सगळे एका तारेने निष्फळ ठरते. कार्डव्यवहारांसाठीच्या पीसीआय डीएसएस या नियमावलीत अशा परस्पर लावलेल्या ॲक्सेस पॉइंटचा शोध किमान दर तीन महिन्यांनी घेणे याच कारणासाठी सांगितले आहे. फोनवरचे वायफाय तपासणारे साधे ॲप घेऊन ऑफिसभर एक फेरी मारली, ओळखीची नसलेली पण आत शिरताच तीव्र होणारी नावे टिपून ठेवली आणि प्रत्येक सॉकेटला काय जोडले आहे ते पाहिले, तर छोट्या ऑफिससाठी हा शोध अर्ध्या तासात आटोपतो. असा राउटर सापडलाच तर तो काढण्याबरोबर त्या केबिनमध्ये रेंज पोहोचवण्याची सोयही करावी लागते, नाहीतर पुढच्या महिन्यात तिथे दुसरा लागलेला असतो.